जुनी बाईक घ्यायची आहे: बघण्या-तपासण्याच्या नोंदी

३ नोव्हेंबर

ठरलं एकदाचं, जुनीच घ्यायची. रंग कुठलाही चालेल, थोडे ओरखडे चालतील, पण रोज चालवायची आहे त्यामुळे शोपीस नको आणि अर्धी खोललेली गाडीही नको. नोंदी ठेवतोय कारण दोन-चार गाड्या बघून झाल्या की कुठल्या गाडीचं हँडल मधे अडकत होतं आणि कुठलीच्या सायलेन्सरमधून धूर येत होता ते सगळं डोक्यात एकमेकांत मिसळतं, आणि समोर चकाचक गाडी दिसली की माणूस आधी सीटवर बसतो आणि मग काय काय बघायचं होतं ते आठवत बसतो.

पिशवीत काय काय टाकलं ते लिहून ठेवतो: छोटी एलईडी टॉर्च, हातमोजे, जुनं सुती फडकं, मल्टीमीटर, प्लगचा पाना, एक लांब दोरी, पातळ कापडात गुंडाळलेला छोटा चुंबक (टाकीवर पुट्टी भरलीय का ते बघायला, लोखंडी टाकीवर तो जिथे चिकटत नाही तिथे आत पुट्टी असते) आणि दातांचे डॉक्टर वापरतात तसा छोटा आरसा. आरसा वाचून हसू येईल पण इंजिनच्या खालच्या बाजूचं ऑइल लीक मान न मोडता बघायला याच्याइतकं चांगलं काही नाही.

फोनवर सगळ्यांना सेम प्रश्न विचारायचे ठरवलंय. का विकताय, शेवटची रोज कधी चालवली, कुठले पार्ट बदलले, पडलीय का, चाव्या दोन्ही आहेत का, कागद तुमच्याच नावावर आहेत का. उत्तरं आहेत तशी लिहून घ्यायची. उत्तर चांगलं की वाईट ते महत्त्वाचं नाही, नंतर गाडी बघताना तेच उत्तर गाडीवर दिसतंय का ते महत्त्वाचं. पडली होती असं सांगणारा माणूस मला चालतो, पडलेलीच नाही म्हणणाऱ्याच्या गाडीचा एकच लिव्हर नवा असला की मी सावध होतो.

आणि सगळ्यात शेवटी एक विनंती: मी येण्याआधी गाडी चालू करू नका प्लीज, थंड इंजिन बघायचंय.

९ नोव्हेंबर

पहिली गाडी. इंजेक्शनवाली, लिक्विड कूल्ड, एबीएस (ब्रेक दाबला की चाक लॉक होऊ न देणारी सिस्टिम), मीटरला १४,००० किलोमीटर. फोटोत होती त्यापेक्षाही जास्त चमकत होती.

पोचल्यावर आधी हात इंजिनच्या बाजूला नेला (टेकवला नाही, नुसता जवळ नेला तरी कळतं) तर गरम. विनंती केली होती तरी गरम. म्हणे दादा आत्ताच धुवून आणली, एक राउंड मारला. असेलही तसं. पण गरम इंजिन बऱ्याच गोष्टी लपवतं, थंड असताना स्टार्टिंगला त्रास देणारी गाडी गरम असताना एका झटक्यात चालू होते, इंजिनच्या आतल्या टायमिंग चेनचा टेन्शनर (तिला ताठ ठेवणारा पार्ट) सैल असेल तर सकाळच्या पहिल्या स्टार्टला जी खडखड येते तीही गरम झाल्यावर बऱ्याचदा ऐकू येत नाही, आणि व्हॉल्व्ह सील गेले असतील तर रात्रभर उभ्या गाडीचा पहिला निळा धूर तो येऊन गेलेला असतो. म्हटलं थांबतो, थंड होऊ दे, तोपर्यंत बाकीचं बघू.

बाकीचं बघताना मजा आली, म्हणजे वाईट अर्थाने. मीटर १४,००० सांगतंय पण गिअर लिव्हरचं रबर गुळगुळीत, ब्रेक पेडलच्या कडा झिजून गोल झालेल्या, रायडरच्या फुटरेस्टचं रबर मधे खपलेलं. हँडल ग्रिप मात्र कोऱ्या. मीटर बदलता येतं, मागे नेता येतं, पण पायाखालचं रबर कोण बदलत नाही कारण कुणाचं लक्षच जात नाही तिकडे. मागच्या डिस्कवर बोट फिरवलं तर कडेला चांगली धार लागत होती, म्हणजे मधला भाग झिजून खाली गेलाय. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, ‘मिनिमम थिकनेस’चं इंग्रजी शॉर्टफॉर्म आणि पुढे मिलिमीटरचा आकडा, आता जाडी मोजायचा व्हर्नियर पण पिशवीत टाकायला हवा.

मग हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे. फ्रेमला पुढे जिथे हँडल येऊन अडतं तिथे एक छोटा स्टॉपर असतो, त्याच्याकडे टॉर्च मारायची. डाव्या बाजूचा स्टॉपर धड होता, उजव्या बाजूचा चेपलेला आणि त्याच्या मुळाशी रंगाला बारीक तडा. असा मार साध्या स्टँडवरून पडण्यात सहसा बसत नाही, हँडल जोरात पिळलं गेलं की बसतो. उजवा ब्रेक लिव्हर नवा, डावा क्लच लिव्हर जुना. उजव्या बाजूच्या इंजिन कव्हरवर घासल्याच्या रेषा भरून वर स्प्रे मारलेला, तिरका उजेड पाडला की दिसतो. “पडलीय का” ला उत्तर होतं: कधीच नाही.

तरी चावी फिरवून बघितली. चावी ऑन केली की इंजिनचा पिवळा दिवा आणि एबीएसचा दिवा दोन्ही लागले पाहिजेत, इंजिनचा दिवा गाडी चालू झाली की जातो आणि एबीएसचा गाडी थोडी पुढे गेली की जातो. इथे एबीएसचा लागलाच नाही. दिवा विझत नाही म्हणजे सिस्टिममध्ये फॉल्ट आहे हे सगळ्यांना माहीत असतं, पण दिवा लागतच नाही हे त्याहून वाईट, कारण फॉल्ट आहे आणि तो दिसू नये म्हणून कुणीतरी काहीतरी करून ठेवलंय अशी शंका घ्यायला जागा आहे. म्हणाला दादा बल्ब गेला असेल. नेमका तोच?

इंजिन थंड व्हायची वाट नाही बघितली. नमस्कार करून निघालो.

१५ नोव्हेंबर

आजची गाडी दिसायला अगदीच गरीब. १५० सीसी, एअर कूल्ड, कार्ब्युरेटर, पुढे डिस्क मागे ड्रम, किक आणि सेल्फ दोन्ही. मीटर ५२,००० च्या पुढे. टाकीवर एक पोचा, मागचं मडगार्ड एका बाजूला तडकलेलं, सीट कव्हर बदललेलं. विकणारे काका, पहिल्यापासून यांच्याकडेच. पोचाबद्दल विचारायच्या आधीच म्हणाले, तो गेट लागून पडलाय. आणि एक वही काढली, ऑइल कधी बदललं, त्या वेळी मीटर किती होतं, टायर कधी टाकला, क्लच प्लेट कधी. अक्षर वाचवत नव्हतं पण तारखा वाचता येत होत्या. पानं चाळताना पेनं वेगवेगळी, शाई कुठे फिकी कुठे गडद, एका पानाला ऑइलचा अंगठा. एका बैठकीत बसून लिहिलेली वही अशी दिसत नाही.

इंजिन गार. पेट्रोल कॉक ऑन, चोक ओढला, किक मारली, दुसऱ्या किकला सुरू. मागे उभं राहून सायलेन्सर बघितला. थंडीत सुरुवातीला येणारी पांढरी वाफ घाबरण्यासारखी नसते, ते पाणीच असतं आणि थोड्या वेळात जातं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, आणि लिक्विड कूल्ड गाडीत पांढरा धूर थांबतच नसेल आणि गोडसर वास येत असेल तर कूलंट आत जातंय. इथे स्टार्ट करताच एक हलका निळा झोत आला आणि गेला. नंतर रेस देऊन, सोडून, परत देऊन बघितलं, नाही आला. म्हणजे संशय व्हॉल्व्ह सीलवर, पिस्टनच्या रिंगवर नाही, कारण रिंग गेल्या असत्या तर रेस देताना आणि चढावर लोड आल्यावर धूर आला असता. लिहून ठेवलं, नंतर कॉम्प्रेशन (इंजिन आत किती दाब तयार करतं ते) बघायचं.

आवाज: वरून टॅपेटची (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या पार्टची) टिकटिक, एकसारखी, रेसबरोबर वाढणारी. ही मला चालते, गॅप सेट केला की बऱ्याचदा जाते, उलट एकदम शांत टॅपेट असेल तर गॅप फार कमी झालाय का ही शंका येते. खालून, क्रँकच्या बाजूने येणारी जड ठकठक मात्र नाही चालणार, ती आली की इंजिन पूर्ण खोलायचं. स्क्रूड्रायव्हरचं टोक क्रँककेसवर आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला टेकवून ऐकलं, खाली शांत.

ऑइल: गाडी मेन स्टँडवर सरळ, बंद करून थोडं थांबून. लेव्हल मधे, रंग काळपट पण दुधाळ नाही (दुधाळ म्हणजे पाणी गेलंय), चिमटीत घासलं तर चकचकीत कण नाहीत, पेट्रोलचा वास नाही. पेट्रोलचा वास येणं ही कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांची खास भानगड, कार्ब्युरेटरमधली पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई गळत असेल आणि कॉक बंद केला नसेल तर पेट्रोल हळूहळू इंजिनमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं, आणि लेव्हल वाढलेली दिसते म्हणून माणूस खूश होतो.

टाकीत टॉर्च. तळाला गंजाचा पुसटसा पट्टा, पापुद्रे नाहीत. चालेल, कॉकची जाळी आणि कार्ब्युरेटर साफ करावा लागेल.

आता चेसिसकडे. पुढचे शॉकअप: उजव्या पाइपवर फडकं फिरवलं तर ऑइलची रिंग उमटली. सील गेलंय. पाइपवर नख फिरवलं, जिथे सील वरखाली फिरतं त्या भागात खड्डे नाहीत, ही चांगली बातमी, कारण सील स्वस्तातलं काम आणि पाइप महागातलं, आणि पाइपला गंजाचे खड्डे असतील तर नवं सीलही टिकत नाही, पाइप ते परत कापतो. गळणारं ऑइल खाली ओघळून कॅलिपर-पॅडपर्यंत गेलंय का ते बघितलं. पॅड कोरडे.

काकांना म्हटलं मागून जरा दाबून धरता का, म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल. त्यांनी धरलं. हँडल एका बोटाने सावकाश डावीकडून उजवीकडे नेलं, आणि बरोबर मधे, चाक सरळ असतं तिथे, एक खाच लागली. टक. परत नेलं, परत टक. कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) गेलाय, म्हणजे रेसवर (बेअरिंगच्या गोळ्या फिरतात त्या कडीवर) मधेच खड्डे पडलेत कारण गाडी आयुष्यभर बहुतेक वेळ सरळच चाललेली असते आणि रस्त्याचे सगळे धक्के त्याच जागी बसतात. मग फोर्क (पुढचे दोन्ही शॉकअप) खालून धरून पुढे-मागे ढकललं, ढिलं नाही लागलं. म्हणजे कुणीतरी घट्ट करून ठेवलंय पण बदललेलं नाही. वहीत बघितलं तर मागच्या वर्षी “कोन सेट टाईट केला” असं चक्क लिहिलेलं! याला मी गाडीची बाजू आणि माणसाची बाजू जुळणं म्हणतो.

मागचं चाक हवेत, वर आणि खाली धरून आडवं हलवलं, बेअरिंग ठीक. मग चिमटा (स्विंगआर्म, मागचं चाक धरून ठेवणारा) दोन्ही हातांनी डावा-उजवा ढकलला, बारीकसा खेळ आहे का नाही असं वाटलं, बुशचं काम आज ना उद्या येईल. ड्रमच्या बाहेरच्या प्लेटवर छोटा बाण आणि झिजेची खूण असते, ब्रेक पूर्ण दाबला की बाण कुठे येतो ते बघायचं. बाण खुणेच्या अलीकडे होता, लायनर आहेत अजून.

चेन. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटांनी धरून मागे ओढली तर दात अर्ध्याच्या वर उघडा पडला. संपलीय. स्प्रॉकेटचे दात एका बाजूला कललेले. चाक फिरवत फिरवत वेगवेगळ्या जागी चेनचा ढिलेपणा बघितला, एका जागी जवळजवळ ताठ आणि दुसऱ्या जागी लोंबती, म्हणजे चेन एकसारखी ताणली गेलेली नाही आणि ही अ‍ॅडजस्ट करून सुटणारी गोष्ट नाही. पूर्ण सेट.

टायर: साइडवॉलवर तारखेचा चार आकडी कोड, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. पुढचा ३१२२ म्हणजे २०२२ सालचा ३१ वा आठवडा. मागचा २०१७ चा, नक्षी आहे पण खोबणीच्या तळाशी बारीक भेगा. नक्षी बघून टायर चांगला म्हणणाऱ्यांसाठी खास नोंद.

एवढं सगळं वाईट लिहून झाल्यावर निघताना लक्षात आलं की मला ही गाडी आवडलीय. काकांना म्हटलं विचार करून सांगतो, परत आलो तर कॉम्प्रेशन गेज घेऊन येईन. म्हणाले ये की, मी कुठे पळतोय.

१९ नोव्हेंबर

कमी चाललेली गाडी बघून आलो, ११,००० च्या आसपास, आणि आकडा खोटा नाही, रबरं कोरी, ग्रिप कोऱ्या. पण गाडी कित्येक दिवस कव्हरखाली उभीच. टाकीतल्या पेट्रोलला पेंटसारखा आंबट उग्र वास, बॅटरी मेलेली, पुढचा ब्रेक लिव्हर दाबला की परत यायला वेळ घेतोय, दोन्ही टायर जमिनीला टेकले होते तिथे चपटे. चालू होत नव्हती. “बॅटरी टाकली की लगेच चालू होईल” असं तीनतीनदा सांगितलं. मग टाकून ठेवायची ना! चालू न होणाऱ्या इंजिनबद्दल काहीच बघता येत नाही, ना धूर ना आवाज ना गिअर, त्यामुळे ती बंद गाडी समजूनच किंमत करावी लागते आणि त्यांना चालू गाडीची हवी होती. विषय संपला.

२२ नोव्हेंबर

आज एक अगदी छोटी नोंद. फोटो उत्तम, बोलणं उत्तम, इंजिन थंड ठेवलेलं. कागद हातात घेऊन चेसिस नंबर ताडायला गेलो. बऱ्याच गाड्यांत तो हँडलच्या खाली फ्रेमच्या गळ्यावर ठोकलेला असतो, इंजिन नंबर क्रँककेसवर. १७ अक्षरी नंबरात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, एक आणि शून्याशी गल्लत नको म्हणून. इथे एका जागी स्पष्ट ओ ठोकलेला दिसला. शिवाय बाकीच्या अक्षरांपेक्षा शेवटचे आकडे जरा तिरके, खालच्या पत्र्यावर ग्राइंडर फिरवल्यासारख्या बारीक रेषा, आणि एवढ्या पट्ट्यालाच रंगाचा वेगळा थर. कुणी काय केलं असेल मला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही. फोन आल्याचं सांगितलं आणि सटकलो. अशा गाडीवर भाव करत बसायचं नसतं, अर्ध्या किमतीत दिली तरी नको.

२९ नोव्हेंबर

काकांची गाडी, दुसऱ्यांदा. सगळी आयुधं घेऊन.

आधी करंट. बंद गाडीत बॅटरीवर १२.६ व्होल्ट, पूर्ण चार्ज असलेली बॅटरी साधारण १२.६ ते १२.८ दाखवते. सेल्फ मारताना १०.३ पर्यंत खाली आलं, ठीक, साडेनऊच्या खाली गेलं असतं तर बॅटरी थकलीय समजलो असतो. चालू करून रेस वाढवली तसं १४.२ वर जाऊन थांबलं. म्हणजे चार्जिंगची कॉइल आणि व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर दोन्ही काम करतायत. रेस वाढवली की १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेलेला असतो आणि तो बॅटरी उकळवतो, १३ च्या वर येतच नसेल तर चार्जिंगच होत नाही आणि नवीन बॅटरी टाकून विकणाऱ्याची गाडी आठवडाभर मस्त चालते. मल्टीमीटर न लावता जुनी गाडी घेणाऱ्यांचं मला खरंच नवल वाटतं, दोन वायर टेकवायच्या असतात फक्त.

हेडलाइट, इंडिकेटर, हॉर्न, ब्रेक लाइट. ब्रेक लाइट हाताच्या आणि पायाच्या, दोन्ही ब्रेकने वेगवेगळा लागायला हवा. पायाचा लागत नव्हता, स्विचची स्प्रिंग तुटलेली. सीट उघडून वायरिंग बघितलं, काळ्या टेपचा एक जोड, हॉर्नच्या वायरला. चिखल किंवा गाळ कुठे साचलेला नाही. पुरात बुडालेल्या गाडीचा गाळ हेडलाइटच्या आत आणि वायरच्या सॉकेटमध्ये सापडतो, बाहेरून कितीही धुतली तरी.

मग प्लग काढला. टोकाचा रंग फिकट तपकिरी, कडेला थोडी काजळी. ओलं तेलकट काळं असतं तर ऑइल वर येतंय, कोरडं मऊ काळं असतं तर पेट्रोल जास्त, पांढरंफटक आणि फोड आल्यासारखं असतं तर इंजिन जास्त गरम चालतंय.

कॉम्प्रेशन: गेज प्लगच्या जागी बसवला, काढलेल्या प्लगची कॅप बाजूला नीट अर्थिंग करून ठेवली, थ्रॉटल पूर्ण उघडा (हे विसरलं की चांगलं इंजिनही मेलेलं दिसतं), काटा वर जायचा थांबेपर्यंत किक. १४५ पीएसआय (दाबाचं माप). गाडीच्या पुस्तकात दिलेल्या रेंजमध्ये, खालच्या टोकाकडे. मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून परत. १५२. ऑइल टाकल्यावर आकडा खूप उडाला असता तर रिंग किंवा बोअर (पिस्टन फिरतो ती नळी) गेलाय, कारण ऑइल तिथली फट तात्पुरती भरतं. आकडा आधीच कमी असता आणि ऑइल टाकूनही हललाच नसता तर व्हॉल्व्हमधून गळतंय. इथे किंचित वाढला, ५२,००० च्या गाडीला एवढं माफ. पहिल्या स्टार्टचा निळा झोत व्हॉल्व्ह सीलचाच, हेड उघडेल तेव्हा बदलू, त्यासाठी आत्ता उघडायची गरज नाही.

दोरी घेऊन चाकांची रेषा बघितली. मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंनी दोरी ताणून पुढे आणली, पुढचं चाक सरळ केलं, दोन्ही बाजूला फट सारखी. फ्रेम सरळ आहे याचा हा शंभर टक्के पुरावा नव्हे, पण सारखी आली नसती तर पुढे बघायची गरज नव्हती. वाकडी आली तरी आधी मागच्या एक्सलचे चेन अ‍ॅडजस्टर दोन्ही बाजूला सारख्या खुणेवर आहेत का ते बघायचं, बऱ्याचदा घोळ तिथेच असतो.

आणि राइड. काका म्हणाले मागे बसतो, म्हटलं बसा. पहिला गिअर टाकताना ठक् असा आवाज, हा असतोच. एक ते पाच आणि परत खाली, दुसऱ्या गिअरमध्ये रेस देऊन एकदम सोडली, परत दिली, गिअर सुटतो का बघायला. नाही सुटला. क्लचसाठी वरच्या गिअरमध्ये कमी स्पीडला थ्रॉटल पूर्ण उघडला, इंजिनचा आवाज स्पीडबरोबरच वाढला, एकटाच पुढे पळाला नाही, म्हणजे प्लेट घसरत नाहीत. मोकळ्या सरळ रस्त्यावर पकड अगदी हलकी केली (सोडली नाही, सोडायची नसतेच), गाडी कुठल्या बाजूला ओढत नाही. पण कमी स्पीडला हँडल बारीक बारीक दुरुस्त करत राहावं लागतंय, सरळ चालवताना गाडी किंचित नागमोडी जाते, ती कोनसेटमधली खाच. पुढचा ब्रेक हळूहळू दाबत आणला, लिव्हरमध्ये धडधड नाही, म्हणजे डिस्क वाकडी नाही. ब्रेक ऑइल मात्र खिडकीतून चहासारखं दिसतंय. ते हवेतलं पाणी शोषत राहतं, नवीन डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) चा उकळबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो आणि पाणी मुरलं की १५५ पर्यंत खाली येऊ शकतो, उतारावर सतत ब्रेक लावताना लिव्हर अचानक मऊ पडतो तो यामुळेच. दोन वर्षांतून एकदा बदलायचं असतं आणि वहीत त्याची नोंद एकदाही नाही. सगळ्या वहीत हेच एक राहून गेलंय.

परत आल्यावर काकांसमोरच यादी केली: चेन सेट, फोर्क सील, कोनसेट, मागचा टायर, ब्रेक ऑइल, ब्रेक लाइटचा स्विच, चिमट्याचा बुश. एकेक वाचून दाखवली. भाव करताना “गाडी जुनी आहे हो” म्हणण्यापेक्षा पार्टची यादी समोर ठेवली की बोलणं लवकर संपतं. चिमट्याच्या बुशवर त्यांचं म्हणणं पडलं की खेळ नाहीच, मग दोघांनी मिळून परत हलवून बघितला आणि तो यादीतून काढला, कारण खरंच नक्की सांगता येत नव्हतं. बाकीच्या पार्टचे पैसे कमी केले, मजुरी माझी. दोन्ही चाव्या, वही, कागद, दोन्ही नंबर कागदाशी ताडले, कागदावरचं नाव आणि काकांच्या ओळखपत्रावरचं नाव एकच, गाडीवर कर्ज बाकी नाही. घेतली.

७ डिसेंबर

कामाला लागलो. आधी ब्रेक ऑइल, कारण बाकी काही झालं नाही तरी चालेल पण ब्रेक हवेत. जुनं सिरिंजने ओढून काढलं, रिझर्व्हॉयरच्या तळाला काळा चिखल. डब्यावर डॉट ४ लिहिलंय तर डॉट ४ च, नाव सारखं वाटतं म्हणून डॉट ५ टाकायचं नाही, ते सिलिकॉनचं असतं आणि यात मिसळत नाही.

पुढच्या स्प्रॉकेटचं कव्हर उघडलं. तपासणीत हे एक बाहेरून दिसत नाही, आणि मागच्या स्प्रॉकेटवरून अंदाज केला होता त्यापेक्षा हे जास्त गेलेलं निघालं, दात टोकदार होऊन हुकसारखे वळलेले, आत ग्रीस आणि मातीचा घट्ट लगदा. छोट्या स्प्रॉकेटचा प्रत्येक दात जास्त वेळा चेनखाली येतो त्यामुळे तो आधी संपतो. तिन्ही एकत्रच बदलायचे, जुन्या दातांवर नवी चेन टाकली की नवी चेनही लवकर जाते. नवा सेट बसवला, ढिलेपणा पुस्तकात २० ते ३० मिलिमीटर दिलाय तो सगळ्यात ताठ जागी मोजून ठेवला.

१४ डिसेंबर

कोनसेट. जुन्या खालच्या रेसवर गोळ्यांनी पाडलेले खळगे रांगेत, नखाला लागतात. वरची रेस जवळजवळ धड, भार खालचीच घेते. नवा सेट बसवून नट आधी घट्ट करून मग थोडा सोडला, पुढचं चाक हवेत असताना हँडल मधून हलकं सोडलं की आपोआप एका बाजूला पडलं पाहिजे पण फोर्क पुढे-मागे ढकलल्यावर ठक् लागता कामा नये, या दोन्हीच्या मधली जागा शोधायला बराच वेळ गेला.

फोर्क उघडलेलाच होता म्हणून दोन्ही बाजूंची सील बदलली, गळत एकच होतं तरी. डाव्यातून निघालेलं ऑइल करडं, उजव्यातून जेमतेम निम्मं. दोन्हीत पुस्तकातल्या मापाने सारखं भरलं.

ब्रेक लाइटची स्प्रिंग बदलून झाली. मागचा टायर यायचाय. चिमट्याचा बुश टायर काढल्यावर मोकळ्या हाताने परत बघणार, काकांना फोन करून सांगायचं कबूल केलंय की खेळ होता का नव्हता.